ओढ्याकाठची सार्वजनिक बाग: कशी उभारायची, कशी पाहायची

मे महिन्यात एखाद्या सकाळी सात वाजता वस्तीमागच्या ओढ्यावर जाऊन उभं राहा. शेवटचा पाऊस पडून सहा-सात महिने झालेले असतात, डोंगर भाजून निघालेला असतो, तरीही ओढ्यातून पाणी चाललेलं दिसतं. ते आपल्याच न्हाण्यांमधलं, मोऱ्यांमधलं आणि संडासांमधलं पाणी असतं. ओढ्याकाठी बाग व्हावी असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी सुरुवात इथून करावी. बाकं, कारंजी, ओपन जिम, रंगवलेली भिंत हे सगळं पुष्कळ नंतरचं.

मी पुण्याच्या पश्चिम उपनगरात राहते. आमच्या भागाची नदी म्हणजे रामनदी. खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावून ती भुगाव, बावधन, पाषाण, बाणेर, औंध अशी येते आणि मुळेला मिळते. वाटेत तिला कितीतरी छोटे ओढे येऊन मिळतात. अशाच एका ओढ्याच्या सहा-सातशे मीटरच्या तुकड्यावर आम्ही काही शेजारी गेली काही वर्षं खपतो आहोत. तिथे जे शिकलो ते क्रमानं सांगते. ओढ्याकाठची बाग ही आधी पुराच्या पाण्याला पसरायची जागा असते, माणसांना फिरायची जागा ती त्यानंतर होते. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मी हेच पुन्हा सांगणार आहे, कारण हा क्रम उलटा केला की पैसे वाहून जातात. कधी माणसंही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर पुणेकर विसरलेले नाहीत. कात्रजच्या डोंगरात पडलेलं पाणी सहकारनगर, दांडेकर पूल अशा दाट वस्त्यांतून धावत आलं, सीमाभिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. त्या रात्री शहर आणि परिसरात वीसहून जास्त जीव गेले. याच आंबिल ओढ्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांध घालून वळवलं होतं. पर्वतीच्या पायथ्याचं तळं त्याच्याच पाण्यावर झालं, आणि त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. ओढ्याच्या जिवावर सार्वजनिक बाग, ही पुण्याला नवी गोष्ट नाही.

आधी वर्षभर ओढा चाला

आराखडा काढायच्या आधी एक पूर्ण वर्ष द्या. लोकांना हे पटत नाही, उत्साह पहिल्या महिन्यातच ओसंडून वाहत असतो. पण किमान चार वेळा तरी ओढा वरपासून खालपर्यंत चाललाच पाहिजे: मे महिन्यात कोरड्यात, जुलैत जोराचा पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी, सप्टेंबरअखेरीस आणि डिसेंबरात. फक्त आपल्या तुकड्यावर थांबू नका. वर डोंगरापर्यंत आणि खाली ओढा नदीला मिळतो तिथपर्यंत जा. आपल्या बागेचं भवितव्य वरच्या वस्तीत ठरतं, आणि आपण काही चूक केली तर ती खालच्या वस्तीला भोगावी लागते.

सोबत वही, टेप आणि फोनचा कॅमेरा असू द्या. नोंदवायचं काय? पात्र कुठे किती रुंद आहे, आणि मुख्य म्हणजे ते कुठे अचानक अरुंद होतं. रस्त्याखालून ओढा जातो त्या कुठल्या मोरीत किती नळे आहेत आणि त्यातले किती गाळानं बुजलेत. राडारोडा कुठे टाकलाय. ओढ्यात उघडणारा प्रत्येक पाइप, त्याचा व्यास आणि त्यातून काय येतं. पुरानंतर झुडपांत आणि कुंपणांच्या जाळीत अडकलेल्या प्लास्टिकची उंची जरूर मोजा, कारण पाणी कुठवर चढलं होतं याचा इतका खरा पुरावा दुसरा मिळत नाही. ती उंची तारखेसह फोटोत आली पाहिजे, शेजारी माणूस किंवा टेप धरून.

मग गावठाणातल्या जुन्या माणसांना गाठा. आमच्या ओढ्यावर एका वळणापाशी साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचं, ठाणं आहे, शेंदूर लावलेले सात दगड. आम्ही तिथेच पायऱ्या आणि बसायचा कट्टा काढला होता. गावठाणातल्या एक आजी ते बघून म्हणाल्या, "बाई, तिथं डोह हुता. आसरा उगं बसवत्यात व्हय? पोरं बुडायची म्हनून तिकडं फिरकू द्यायचे न्हाईत." डोह आता राडारोड्यानं भरलाय, पण पाणी आलं की खड्डा अजूनही तिथेच पडतो. कट्टा आम्ही तीस मीटर वर सरकवला. आसरा, म्हसोबा, जुना उंबर, धोब्याचा दगड या ओढ्याच्या जुन्या खुणा आहेत, त्या नकाशावर मांडून घ्या.

पाण्याचं गणित, अगदी साधं

हे अभियंत्याचं काम आहे आणि शेवटी अभियंत्याकडूनच करून घ्या. पण ढोबळ हिशेब प्रत्येकाला यावा, म्हणजे बैठकीत कोणी काहीही सांगितलं तरी आपल्याला कळतं.

ज्या भागावर पडलेलं पाणी उतरून आपल्या ओढ्यात येतं ते त्याचं पाणलोट. छोट्या पाणलोटातून किती पाणी येईल याचं एक जुनं सूत्र आहे. पाणलोटाचं क्षेत्र हेक्टरमध्ये घ्यायचं, पावसाचा जोर ताशी मिलिमीटरमध्ये, आणि पडलेल्या पाण्यातला किती हिस्सा जमिनीवरून धावत सुटतो तो अपूर्णांकात. तिघांचा गुणाकार करून ३६० नं भागलं की सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते मिळतं.

समजा वरचं पाणलोट १५० हेक्टरचं आहे आणि ताशी ६० मिलिमीटर पाऊस कोसळतोय. डोंगरावर गवत-झाडी असताना पाण्याचा साधारण ०.३ हिस्साच धावतो. ०.३ गुणिले ६० गुणिले १५० भागिले ३६०, म्हणजे सेकंदाला ७.५ घनमीटर. त्याच डोंगरउतारावर इमारती, काँक्रीटचे रस्ते आणि पेव्हर ब्लॉकचं पार्किंग झालं की हा हिस्सा ०.८ वर जातो, आणि पाऊस तेवढाच असूनही पाणी २० घनमीटर होतं. आता आपला ओढा पाच मीटर रुंद, दीड मीटर खोल आणि पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर धरा: पोटात १५ घनमीटर मावतं. पूर्वी जो ओढा निम्मा भरायचा तो आता काठ सोडून सोसायटीत शिरतो, आणि लोक म्हणतात हल्ली पाऊसच फार पडतो.

पाऊसही पडतो, हे खरं. ४ ऑक्टोबर २०१० ला पाषाण परिसरात दीडेक तासात १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. तो ताशी १२० आणि धावणारा हिस्सा ०.८ धरून वरचं गणित पुन्हा करा, ४० घनमीटर येतात. पंधरा मावणाऱ्या ओढ्यात चाळीस. उरलेलं पंचवीस कुठे तरी जाणारच. ते जिथे गेलं तरी कुणाचं नुकसान होणार नाही अशी मोकळी, उतरती, गवताची पट्टी दोन्ही काठांना सोडणं, हीच आपली बाग.

जागा कुणाची, परवानगी कुणाची

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि बहुतेक प्रयत्न इथेच अडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांची पात्रं सरकारची असतात, कुणाचा कायदेशीर हक्क सिद्ध असेल तेवढं सोडून. प्रत्यक्षात उपनगरांत जुन्या शेतजमिनींचे गट असतात, ओढा गटाच्या मधून जातो आणि सातबाऱ्यावर तेवढी जमीन पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी, म्हणून लागलेली असते. म्हणून ओढ्याच्या दोन्ही बाजूंचे गट नंबर काढा, सातबारे आणि गटाचा नकाशा ऑनलाइन मिळतो तो घ्या, आणि जिथे शंका असेल तिथे भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्या. मोजणीच्या खुणा पक्क्या केल्याशिवाय एक फावडंसुद्धा मारू नका.

त्यानंतर शहराचा विकास आराखडा. आपल्या पट्ट्यावर उद्यान, हरितपट्टा, रस्ता की आणखी काही आरक्षण आहे ते नगररचना विभागात कळतं. आराखड्यावर काठाकाठानं रस्ता दाखवलेला असेल तर तो आत्ताच कळलेला बरा.

तिसरी गोष्ट पूररेषा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, बागा, मैदानं असे मोकळे वापर चालतात. आपल्या कामाला हा नियम सोयीचाच आहे. फक्त तो स्वतःवरही लावून घ्यायला हवा: निळ्या रेषेत बागेची केबिन, स्वच्छतागृह, पंपघर, भिंतीचं कुंपण यातलं काहीही नको. छोट्या ओढ्यांवर बऱ्याचदा पूररेषा आखलेलीच नसते, तेव्हा तुम्ही मोजलेल्या प्लास्टिकच्या खुणा उपयोगी पडतात.

परवानग्यांसाठी महापालिकेतल्या किमान चार खात्यांशी काम पडतं: उद्यान, मलनिस्सारण, पथ किंवा प्रकल्प, आणि वृक्ष प्राधिकरण. झाड तोडायचंच काय, हलवायचं असेल तरी १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याखाली परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून जास्तीचं संरक्षण आहे. क्षेत्रीय कार्यालयात सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच टेबलावर बसवायचा प्रयत्न करा. आम्हाला हे जमायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत एका खात्यानं आम्ही साफ केलेल्या काठावर दुसऱ्या कामाचा राडारोडा आणून टाकला होता. भांडण करून तो उचलला गेला नाही. फोटो, तारीख आणि लेखी पत्र दिल्यावर उचलला गेला. माहिती हवी असेल आणि कोणी देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, उत्तराची मुदत तीस दिवसांची असते.

मैलापाणी आधी थांबवा

सगळ्यात जास्त वेळ, चिकाटी आणि पैसा या टप्प्याला लागू द्या. इतर सगळं जमलं आणि हे जमलं नाही तर बागेत कोणी बसणार नाही.

उपनगरांतल्या ओढ्यांची एक मोठी अडचण अशी की ड्रेनेजची मुख्य लाइन पुष्कळदा ओढ्याच्या पात्रातूनच टाकलेली असते, कारण उताराला ते सोपं जातं. चेंबर पात्राच्या मधोमध उभे असतात. पावसात झाकणं उडतात, ओढ्याचं पाणी लाइनमध्ये आणि लाइनचा मैला ओढ्यात. म्हणून पाइपांची यादी करताना तीन रकाने ठेवा. पहिला, ड्रेनेज लाइन फुटलेली किंवा तुंबलेली, ही दुरुस्ती महापालिकेची. दुसरा, सोसायटीनं किंवा घरानं मैल्याची जोडणी थेट पावसाळी गटारात दिलेली, ही ज्याची त्यानं बदलायची. तिसरा, वस्तीला ड्रेनेजच नाही. या तिसऱ्या रकान्यातल्या माणसांवर बोट रोखू नका. त्यांना लाइन मिळावी म्हणून तुम्हीच त्यांच्या बाजूनं पत्रं लिहा. आमच्याकडे सर्वात चिकाटीनं श्रमदानाला येतात त्या याच वस्तीतल्या मावशी आहेत.

पाणी नेमकं कुठून येतं हे कळत नसेल तर संशयित चेंबरमध्ये बादलीभर पाण्यातून खाद्यरंग सोडायचा आणि ओढ्याकाठी दुसऱ्या माणसानं पाइपांवर नजर ठेवायची. सकाळी सात ते नऊ या वेळेत करा, तेव्हा पाण्याचा जोर असतो. संबंधित सोसायटीच्या समितीला आधी सांगून, त्यांच्या देखतच करा. चोरून केलेल्या तपासणीनं संबंध बिघडतात आणि जोडणी तशीच राहते.

सुधारणा होते आहे का हे बघायला प्रयोगशाळेत नमुना देता येतो. जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात ते), आणि विरघळलेला ऑक्सिजन या दोन चाचण्या पुरेत. अंघोळीयोग्य पाण्यासाठी बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि ऑक्सिजन ५ मिलिग्रॅम तरी असावा असा दंडक आहे. उपनगरातला ओढा तिथवर लगेच पोचत नाही, पण आकडा कुठल्या दिशेनं सरकतोय ते दिसतं. पैसे नसतील तर दगड उलटून बघा. चिखलात फक्त लाल अळ्या वळवळत असतील तर पाण्यात प्राणवायू जेमतेम आहे. चतुराची पिल्लं, गोगलगायी, छोटे मासे दिसू लागले तर काहीतरी बरं घडतंय. शेकाट्या पक्ष्यांचा थवा बघून हरखून जाऊ नका, लांब गुलाबी पायांचा हा देखणा पक्षी घाण पाण्यातही मजेत चरतो.

मूळ जोडण्या सुटेपर्यंत मधल्या काळासाठी वनस्पतींच्या गाळण्या करता येतात: दगड-खडीच्या उथळ वाफ्यातून पाणी संथ जाऊ द्यायचं आणि त्यात पाणकणीस, कर्दळ, वाळा लावायचा. नागपूरच्या नीरी संस्थेनं फायटोरीड नावाचं याच धर्तीचं तंत्र विकसित केलेलं आहे. पण हे मुख्य पात्रात आडवं बांधायचं नाही, पहिल्याच पुरात जातं. बाजूला, पाइपाच्या तोंडाशी करायचं. आणि अशा गाळणीतून बाहेर पडलेलं पाणी स्वच्छ दिसलं तरी हात घालण्याजोगं नसतं.

आराखडा: काठ उतरते, वाट उंचावर

ओढ्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची उभी भिंत घालायचा मोह सगळ्यांना होतो. दिसायला नीटनेटकं दिसतं, जागा वाचते, निविदा पटकन निघते. त्यानं पात्र अरुंद होतं, पाण्याचा वेग वाढतो, तळ खरवडला जातो, आणि भिंत जिथे संपते तिथला काठ पुढच्या पावसात ढासळतो. पाणी मुरत नाही ते वेगळंच. जागा असेल तिथे काठ तिरका करा: एक मीटर उंचीला तीन मीटर पसारा. असा काठ चढता-उतरता येतो, त्यावर गवत टिकतं आणि मूल घसरलं तरी सावरतं. जिथे इमारत अगदी काठाला आहे तिथेच तेवढ्यापुरतं दगडी पिचिंग किंवा जाळीत भरलेल्या दगडांचे गॅबियन घाला.

पट्टीचे मनानं तीन थर पाडा. पाण्यालगतचा थर दर पावसाळ्यात बुडणार, तिथे फक्त गवत, लव्हाळा, झुडपं. मधला थर काही वर्षांनी बुडणार, तिथे पायवाट, सुटे दगड, मोकळं खेळाचं गवत. वरचा थर क्वचित बुडणार, तिथे सावलीची झाडं, बाकं, पाण्याचा नळ, फलक. विजेचं काहीही असेल तर ते याच्याही वर.

मुख्य वाट दोन मीटर रुंद ठेवा, व्हीलचेअर आणि समोरून येणारा माणूस दोघं जाऊ शकतील एवढी. चढ वीसास एक, म्हणजे वीस मीटर चालीला एक मीटर, असेल तर म्हातारी माणसं न थांबता चालतात. जिथे उतार करावाच लागतो तिथे बारास एकपेक्षा तीव्र नको. वाटेला दाबलेला मुरूम चांगला, पुरानंतर दुरुस्त करायला स्वस्त. ओढा ओलांडायला साकव, म्हणजे छोटा पूल, केला तर त्याचे खांब पात्रात नकोत आणि तो मोजलेल्या पूरपातळीच्या वर हवा. कठडे आडव्या जाळीचे केले तर कचरा अडकून साकवाचाच बंधारा होतो. सुटे, उभे गज बरे.

दिवे कमी आणि खाली तोंड केलेले. पाण्यावर प्रकाशझोत टाकून ओढा सजवायची हौस कृपा करून टाळा, वटवाघळं आणि रातपक्षी त्या जागेवरून निघून जातात. बाकांचा एक विचार आहे: स्त्रियांना निर्धास्त बसता येईल अशी बाकं वाटेवरून सरळ दिसणारी हवीत आणि प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडायला दोन वाटा हव्यात. हे आमच्या पहिल्या आराखड्यात नव्हतं, कारण तो काढताना टेबलाशी मी एकटीच बाई होते आणि मी गप्प बसले. दुसऱ्या बैठकीला आम्ही पंधराजणी गेलो.

लावायचं काय

ओढ्याच्या काठची झाडं पुरात वाकतात आणि पुन्हा उठतात. शेरणी हे त्यातलं सर्वात पक्कं झुडूप, वाहत्या पाण्यातल्या दगडांत मूळ धरून राहतं. वाळुंजाची फांदी ओल्या काठात खोचली तरी फुटते. वाळा घट्ट मुळांनी माती धरतो, त्याचे फुटवे वीतभर अंतरावर समपातळीत ओळीनं लावा. मधल्या थराला निर्गुडी. वर करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, कदंब, पांगारा. जांभळाची बी ताजीच पेरावी लागते, सुकली की उगवत नाही. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात झाडाखालीच गोळा होतात, मुलांकडून हे काम छान होतं.

लावणी पहिला चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावर, जूनअखेर ते जुलै. खड्डे उन्हाळ्यातच दोन फूट लांब, रुंद, खोल असे खणून तापू द्या. रोप लावलं म्हणजे काम झालं असं नव्हे, पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार हे आधी ठरवा आणि तेवढीच रोपं लावा. पाचशे लावून पन्नास जगवण्यापेक्षा साठ लावून पंचावन्न जगवलेली मला जास्त आवडतात.

सुबाभूळ, गाजरगवत, घाणेरी काढायची तर फुलोऱ्याआधी मुळापासून काढा. पण एकाच वर्षी सगळा काठ उघडा करू नका, माती वाहून जाते आणि झुडपांत घरटी करणारे पक्षी उघडे पडतात. दर वर्षी एक टप्पा साफ, तिथे देशी लावणी, मग पुढचा. जलपर्णी वाढली तर ती हातानं काढून पात्रापासून दूर सुकवा. आणि ती वाढते त्याचं कारण मैलापाणी, हे लक्षात ठेवा. पाषाण तलावावर जलपर्णी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढावी लागते ती त्यामुळेच. डासांसाठी ओढ्यात गप्पी मासे सोडायची पद्धत आहे, पण ते बाहेरचे आणि स्थानिक माशांना हटवणारे. पाणी साचू न देणं जास्त उपयोगाचं. शिवाय डेंग्यूचा डास कुंडीखालच्या बशीतल्या आणि टायरमधल्या स्वच्छ पाण्यात होतो, त्याचं खापर ओढ्यावर फोडू नका.

पैसा आणि राखण

पुणे महापालिकेत नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही सोय आहे: ठरावीक मुदतीत अर्ज भरून आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवता येतात. बाकं, फलक, वाटेचा तुकडा यासाठी ती चांगली. मैल्याच्या लाइनचं काम मोठं, ते मुख्य अंदाजपत्रकात जावं लागतं, म्हणून पाइपांची यादी आणि फोटो घेऊन आधीपासून पाठपुरावा हवा. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून पैसे मिळतात, पण रोपं आणि उद्घाटनासाठी ते चटकन मिळतात, दोन वर्षांच्या माळीकामासाठी मिळत नाहीत. करार करताना राखणीचा खर्च त्यातच लिहून घ्या.

वर्षाचं चक्र असं बसतं. एप्रिल-मेमध्ये मोऱ्यांतला गाळ काढणं. जेसीबीनं काठ खरवडू देऊ नका, चालकाशी स्वतः बोला, कुठला दगड आणि कुठलं झुडूप राहू द्यायचं ते चुन्यानं आखून द्या. काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या पावसात तो परत आत जातो, तो त्याच आठवड्यात हलला पाहिजे. पावसाळ्यात फक्त लक्ष ठेवणं आणि मोजणं. गणपतीत आणि नवरात्रात निर्माल्यासाठी कलश, मूर्तींसाठी हौद. दिवाळीनंतर वाटांची दुरुस्ती. जानेवारीत पक्षीगणना. एवढ्याला दर रविवारी दोन तास देणारी दहा माणसं पुरतात, मात्र ती पाच वर्षं टिकायला हवीत.

पाहायला जाताना

आपल्या ओढ्यावर काम करायच्या आधी दुसरीकडे काय झालंय ते पाहून या. कोरेगाव पार्कमधलं ओशो तीर्थ, ज्याला जुने लोक नाला पार्क म्हणतात, एका घाण नाल्याच्या दोन्ही काठांवर फुलवलेलं आहे. एवढ्या अरुंद, नागमोडी पट्टीत किती सावली आणि किती शांतता बसू शकते ते तिथे कळतं. वेळा मर्यादित असतात, आधी विचारून जा. पाषाण तलाव हिवाळ्यात सकाळी. सोमेश्वरवाडीचं सोमेश्वर मंदिर रामनदीच्या काठी आहे, तिथे देऊळ, काठ आणि पाणी यांचं जुनं नातं अजून डोळ्यांना दिसतं. तिथून नदीकाठानं थोडं खाली चालत गेलात तर आजची अवस्थाही दिसेल, दोन्ही पाहायला हवं.

ओढा भरलेला आणि त्यातल्या त्यात स्वच्छ बघायचा तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी: तुतवार, धोबी हे पाहुणे येतात, खंड्या आणि ढोकरी वर्षभर असतात. सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वात चांगले. पायात बंद बूट, अंगात पूर्ण बाह्या, जवळ पिण्याचं पाणी.

पावसाळ्यात मात्र आभाळाकडे बघून फसू नका. आपल्या डोक्यावर ऊन असताना वर डोंगरात ढग रिकामा झाला तर काही मिनिटांत पाणी चढतं. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, वरून घुमल्यासारखा आवाज आला की फोटो काढत थांबायचं नाही, सरळ वरच्या थरावर जायचं. वाहत्या पाण्यातून साकव सोडून ओलांडायचं नाही, पोटरीएवढं वेगवान पाणीही मोठ्या माणसाचा पाय उचलतं. पायाला जखम असेल तर चिखलपाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार अशाच वाटेनं होतो. उतरावंच लागलं तर नंतर साबणानं पाय धुवा, आणि पुढच्या पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आठवणीनं सांगा.

पक्ष्यांना पाव, शेव घालू नये. कुत्रा साखळीला असावा, टिटवी जमिनीवर अंडी घालते आणि ती दगडासारखीच दिसतात.

मुलं बरोबर असतील तर त्यांना एक काम द्या. साकवापासून खालच्या अंगाला काठाकाठानं दहा मीटर मोजून दोन खुणा करायच्या. वरच्या खुणेपाशी साकवावरून किंवा उंच काठावरून उंबराचं पान टाकायचं आणि खालच्या खुणेपर्यंत पोचायला किती सेकंद लागले ते मोजायचं. दहाला त्या आकड्यानं भागलं की पाण्याचा वेग निघाला. तारीख, वेळ, वेग आणि साकवाला लावलेल्या मोजपट्टीवरची पाण्याची उंची वहीत लिहायची. आमच्या वहीत सहावीतल्या एका मुलीनं दोन पावसाळे दर रविवारी हे आकडे भरले. मोरीचे नळे वाढवावेत म्हणून आम्ही जो प्रस्ताव दिला, त्याला जोडलेलं पहिलं पान तिच्या अक्षरातलं आहे.